उबंटूवर कंपाइल होते, अल्पाइनवर आणि मॅकवर अडते: नेटवर्क हेडरमधील व्याख्यांची तफावत

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. ‘लिबपीकॅप’ या लायब्ररीच्या आधारे नेटवर्कवरील पॅकेट पकडून त्यांतील इथरनेट, आयपी आणि टीसीपी हेडर उलगडून दाखवणारा सी भाषेतील एक प्रोग्राम उबंटूवर विनातक्रार कंपाइल होत होता. तो अल्पाइन या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या राखलेल्या चालन-परिसरात) नेल्यावर ‘ईटीएचएचडीआर’ या स्ट्रक्टची (अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या रचनेची) व्याख्या दुसऱ्यांदा झाल्याची तक्रार कंपायलर करू लागला. ती कशीबशी मिटवल्यावर ‘टीसीपीएचडीआर’मध्ये ‘सोर्स’ नावाचा घटकच नाही, असे त्याचे म्हणणे आले आणि मॅकवरही हीच तक्रार उभी राहिली. दरम्यान एका सहकाऱ्याने बिल्डमध्ये ‘-एसटीडी=सी११’ हा पर्याय घातला, तेव्हा उबंटूवरसुद्धा ‘हिंट्स’ या चलाचा आकार ठाऊक नसल्याची त्रुटी येऊ लागली. हेडर फाइली आत घेणाऱ्या इन्क्लूडच्या ओळी वरखाली करून पाहिल्या, अडचणीचा भाग ‘__लिनक्स__’ या मॅक्रोच्या (कंपाइलपूर्वी तपासल्या जाणाऱ्या नावाच्या) अटीत घालून पाहिला, तरी गुण आला नाही. (फाइलींची आणि घटकांची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, अंडरस्कोर आणि तिरकी रेघ जशी मूळ नावात असते तशीच ठेवली आहे. ‘हेडर’ हा शब्द दोन अर्थांनी येतो: पॅकेटच्या आरंभीचे बाइट आणि ‘.एच’ने संपणारी व्याख्यांची फाइल.)

या तिन्ही त्रुटी ‘हेडर जुळत नाहीत’ या एकाच सदरात टाकण्याचा मोह होतो, पण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. पहिलीत एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली आहे, दुसरीत एकाच गोष्टीला दोन नावे आहेत, आणि तिसरीत गोष्ट जागेवरच आहे, फक्त ती झाकलेली आहे. म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी कंपायलरची अगदी पहिली त्रुटी वाचावी आणि ती या तिघींपैकी कोणती, ते आधी ठरवावे. खालच्या चाळीस त्रुटी बहुधा पहिलीच्याच सावल्या असतात.

सर्वांत सोप्या, म्हणजे झाकलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. उबंटूवरील ग्लिबसी ही सी लायब्ररी आपल्या हेडरमधील बराच मजकूर काही मॅक्रोंच्या पडद्याआड ठेवते. जीसीसी या कंपायलरला कोणताही मानक-पर्याय दिला नाही, तर तो जीएनयू बोलीत चालतो आणि ग्लिबसी ‘_डिफॉल्ट_सोर्स’ गृहीत धरून पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे मानक) आणि बीएसडी (बर्कले विद्यापीठाचे युनिक्स) या दोन्ही परंपरांतील व्याख्या उघड्या ठेवते. ‘-एसटीडी=सी११’ दिले की कंपायलर ‘__स्ट्रिक्ट_एएनएसआय__’ हे मॅक्रो लावतो, आणि ग्लिबसी प्रामाणिकपणे फक्त सी मानकात जे आहे तेवढेच दाखवते. सी मानकात नेटवर्कचे नावही नाही. त्यामुळे ‘नेटडीबी.एच’ समाविष्ट होते, ती फाइल सापडत नसल्याची तक्रार येत नाही, परंतु तिच्यातील ‘अ‍ॅड्रइन्फो’ स्ट्रक्ट अदृश्य राहतो आणि त्या प्रकारच्या ‘हिंट्स’ चलाचा आकार कंपायलरला समजत नाही. ‘आयएफरेक्यू’, ‘टीसीपीएचडीआर’ आणि बीएसडी धाटणीचा ‘आयपी’ स्ट्रक्ट यांचीही तीच गत होते. ‘पीकॅप.एच’मधून ‘यू_इंट’ किंवा ‘यू_चार’ हा प्रकार अज्ञात असल्याची त्रुटी आली, तर तिचेही मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

उपाय दोन आहेत. सहकाऱ्याचा आग्रह नव्या मानकापुरताच असेल, तर ‘-एसटीडी=जीएनयू११’ द्यावे आणि विषय संपवावा. कडक मानकच हवे असेल, तर त्याच्या जोडीला ‘-डी_डिफॉल्ट_सोर्स’ द्यावे. हे मॅक्रो कोडमध्ये लिहिण्यापेक्षा कंपायलरच्या पर्यायांत द्यावे, असे मी ठामपणे सांगेन. कारण ते पहिल्या इन्क्लूडच्या आधी लागले तरच त्याचा परिणाम होतो. एखाद्या फाइलीत कुणी त्याच्या वर ‘एसटीडीआयओ.एच’ची ओळ घातली की पडदा कसा लावायचा ते ग्लिबसीने ठरवून टाकलेले असते, आणि नंतरची व्याख्या निष्फळ ठरते. जुन्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) ‘_बीएसडी_सोर्स’ दिसले तर २०१४ साली आलेल्या ग्लिबसी २.२० पासून ते कालबाह्य झाले असून त्यावर इशारा येतो, हेही ध्यानात ठेवावे. ‘_पॉझिक्स_सी_सोर्स’ लावून ‘अ‍ॅड्रइन्फो’ परत येतो, पण केवळ तेवढेच लावल्यास बीएसडीकडील स्ट्रक्ट झाकलेलेच राहतात. मॅकवर तर उलटा प्रकार घडतो: तेथे हे मॅक्रो लावल्यामुळेच ‘यू_इंट’सारखे प्रकार नाहीसे होतात आणि ते परत आणण्यासाठी ‘_डार्विन_सी_सोर्स’ लावावे लागते. एका ठिकाणी उघडणारी किल्ली दुसऱ्या ठिकाणी कुलूप लावते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

याच संदर्भात एक जुना अनुभव सांगतो. एका कामात ‘इनेट_एनटीओए’ या फंक्शनसाठी लागणारी ‘अर्पा/इनेट.एच’ समाविष्ट करायची राहिली होती. त्या काळच्या कंपायलरने केवळ अघोषित फंक्शनचा इशारा दिला आणि परतावा ‘इंट’ असल्याचे गृहीत धरले. ३२ बिटांच्या यंत्रावर ते वर्षानुवर्षे चालले. ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला गेला आणि प्रोग्राम पत्ता छापताना कोसळू लागला. तो इशारा शेकडो इशाऱ्यांच्या गर्दीत होता आणि तो वाचण्याची तसदी आमच्यापैकी कुणी घेतली नव्हती, मीही नाही. २०२३ मधील क्लँग १६ आणि २०२४ मधील जीसीसी १४ या कंपायलरांनी अशा अघोषित फंक्शनला थेट त्रुटीचा दर्जा दिला आहे. नवा कंपायलर घेतल्यावर जुने कोड अडू लागले, तर चिडू नये. तो बहुधा एक जुना दोष उघड करत असतो.

आता ‘सोर्स’ या घटकाकडे वळतो. सॉकेटची (प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणाऱ्या टोकाची) कल्पना आणि तिच्यासोबतची ‘नेटइनेट’ ही निर्देशिका १९८३ मधील ४.२बीएसडीसोबत आली. बीएसडी परंपरेत टीसीपी हेडरच्या घटकांना ‘टीएच_’ हा उपसर्ग असतो: ‘टीएच_स्पोर्ट’, ‘टीएच_डीपोर्ट’, ‘टीएच_सेक’, ‘टीएच_ऑफ’, ‘टीएच_फ्लॅग्ज’. सी भाषेच्या आरंभीच्या काळात सर्व स्ट्रक्टच्या घटकांचे नामविश्व एकच होते, आणि असे उपसर्ग लावण्याची रीत तेव्हापासूनची आहे. लिनक्सची नेटवर्क प्रणाली नव्याने लिहिली गेली आणि तिने ‘सोर्स’, ‘डेस्ट’, ‘सेक’, ‘अ‍ॅक_सेक’, ‘डीऑफ’ अशी मोकळी नावे घेतली. फ्लॅगसाठी एका बाइटाऐवजी ‘सिन’, ‘अ‍ॅक’, ‘फिन’ असे एकेका बिटाचे घटक ठेवले. तारेवरून जाणारे बाइट दोन्हीकडे तंतोतंत तेच आहेत, कारण ते १९८१ च्या आरएफसी ७९३ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज) ठरवले आणि २०२२ च्या आरएफसी ९२९३ नेही तसेच ठेवले. फरक केवळ नावांत आहे.

उबंटूवर हा फरक जाणवत नाही, कारण आजची ग्लिबसी एका अनामिक युनियनमध्ये (एकाच जागेला अनेक नावे देणाऱ्या रचनेत) दोन्ही नावे शेजारी शेजारी देते. जुन्या ग्लिबसीत असे नव्हते. तेथे ‘__फेवर_बीएसडी’ या मॅक्रोवरून एकच बाजू निवडली जात असे. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये हे मॅक्रो हाताने व्याख्यित केलेले आढळते. आजच्या ग्लिबसीवर ते निरुपयोगी असल्याने खुशाल काढून टाकावे. अल्पाइनमध्ये ग्लिबसी नाही. तेथे मसल ही लायब्ररी आहे, आणि ती फक्त बीएसडीची नावे देते. ‘_जीएनयू_सोर्स’ लावल्यास मात्र तीसुद्धा दोन्ही नावांचे युनियन उघडते. गंमत अशी की लिनक्सवर जी++ हा सी++चा कंपायलर हे मॅक्रो स्वतःहून लावतो, तर जीसीसी सी भाषेच्या फाइलीसाठी लावत नाही. म्हणून तीच फाइल ‘.सीपीपी’ या नावाने कंपाइल होते आणि ‘.सी’ या नावाने होत नाही, असा चमत्कार अल्पाइनवर पाहायला मिळतो.

आपल्या ‘__लिनक्स__’च्या अटीने काम का झाले नाही, हे आता स्पष्ट व्हावे. अल्पाइन हेही लिनक्सच आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोणता, हा येथे प्रश्नच नाही. ‘नेटइनेट’मधील फाइली कर्नलच्या नसून सी लायब्ररीच्या मालकीच्या आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावरून हेडरमधील मजकुराचा अंदाज बांधणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक आहे. त्यावर मसलसाठी वेगळे मॅक्रो तपासावे, असे कुणाला वाटेल, तर मसलने स्वतःची ओळख सांगणारे मॅक्रो हेतुपुरस्सर दिलेले नाही.

‘-डी_जीएनयू_सोर्स’ घातल्याने अल्पाइनवरची त्रुटी जाईल, मॅकवरची जाणार नाही. म्हणून माझा सल्ला आहे की कोडमधील लिनक्स धाटणीची नावे काढून सरळ बीएसडीची नावे लिहावीत. ती ग्लिबसी, मसल, मॅकओएस आणि फ्रीबीएसडी या चारही ठिकाणी उपलब्ध आहेत. ‘आयपीएचडीआर’ऐवजी ‘आयपी’ हा स्ट्रक्ट घ्यावा. त्यातील ‘आयपी_एचएल’, ‘आयपी_पी’, ‘आयपी_एसआरसी’ सर्वत्र सारखेच आहेत. मॅकवर ‘आयपीएचडीआर’ आणि ‘आयसीएमपीएचडीआर’ अस्तित्वातच नाहीत, त्यामुळे आयसीएमपीसाठीही ‘आयसीएमपी’ हा बीएसडीचा स्ट्रक्ट वापरावा. फ्लॅग तपासताना ‘टीएच_फ्लॅग्ज’ या एका बाइटावर ‘टीएच_सिन’ आणि ‘टीएच_अ‍ॅक’ यांचे मुखवटे लावणे हे दोन वेगळे बिट-घटक तपासण्यापेक्षा वाचायलाही सोपे जाते. केवळ एक सावधगिरी: गर्दीची सूचना देणारे जे दोन बिट २००१ च्या आरएफसी ३१६८ ने जोडले, त्यांची ‘टीएच_ईसीई’ आणि ‘टीएच_सीडब्ल्यूआर’ ही नावे प्रत्येक लायब्ररीत मिळतीलच असे नाही. ती आपल्या फाइलीत, आधी व्याख्यित नसतील तर, अनुक्रमे ०एक्स४० आणि ०एक्स८० अशी लिहून घ्यावीत.

बीएसडीच्या जुन्या फाइलींबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी: त्या स्वयंपूर्ण नसतात. ‘नेटइनेट/आयपी.एच’च्या आधी ‘सिस/टाइप्स.एच’, ‘सिस/सॉकेट.एच’, ‘नेटइनेट/इन.एच’ आणि ‘नेटइनेट/इन_सिस्टम.एच’ याच क्रमाने लिहिल्यास कुठेही अडत नाही. हा क्रम लिनक्सवर अनावश्यक वाटतो, पण तो ठेवल्याने काहीच बिघडत नाही.

राहिली पहिली तक्रार, दुहेरी व्याख्येची. लिनक्सवर नेटवर्कविषयक फाइलींचे दोन संच एकाच यंत्रावर नांदतात: एक सी लायब्ररीचा, ज्यात ‘नेट’ आणि ‘नेटइनेट’ या निर्देशिका येतात, आणि दुसरा कर्नलने बाहेरच्या प्रोग्रामांसाठी दिलेला, ज्याच्या नावांच्या आरंभी ‘लिनक्स/’ असते. दोन्हींत ‘आयएफरेक्यू’, ‘टीसीपीएचडीआर’, ‘टीसीपी_इन्फो’, ‘ईटीएचएचडीआर’ अशा समान व्याख्या आहेत. दोन्ही संच एकाच फाइलीत आले की टक्कर ठरलेली. आपल्या बाबतीत उबंटूवर ती झाली नाही, कारण ग्लिबसीची ‘नेटइनेट/आयएफ_ईथर.एच’ स्वतःची व्याख्या न देता कर्नलची ‘लिनक्स/आयएफ_ईथर.एच’ हीच फाइल आत ओढते. मसलमध्ये मात्र ‘ईटीएचएचडीआर’ची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि ‘नेट/ईथरनेट.एच’ घेतली तरी ती आपोआप येते.

कर्नलकडून या भांडणात मध्यस्थी झालेली आहे. ‘__यूएपीआय_डेफ_’ने सुरू होणारे मॅक्रो हीच ती तडजोड: लायब्ररीने आधीच व्याख्या दिली असेल, तर तिने तसे मॅक्रो शून्य करून ठेवायचे, आणि मग कर्नलची फाइल स्वतःची व्याख्या गाळते. ‘ईटीएचएचडीआर’साठी असे मॅक्रो २०१८ च्या सुरुवातीस आले आणि मसलनेही आपल्या बाजूने ते मान्य केले. परंतु ही तडजोड एकतर्फी आहे. लायब्ररीची फाइल आधी आणि कर्नलची नंतर आली, तरच ती काम करते. उलट क्रमात कर्नलची फाइल व्याख्या देऊन मोकळी होते आणि मसल न विचारता पुन्हा तीच देते. आपल्या फाइलीत ‘लिनक्स/आयएफ_ईथर.एच’ ही पहिल्याच काही ओळींत आहे, आणि काही संपादक इन्क्लूडच्या ओळी वर्णानुक्रमे लावतात तेव्हा ‘लिनक्स’ हे ‘नेट’च्या आधीच येते. ‘नेट/आयएफ.एच’ आणि ‘लिनक्स/आयएफ.एच’ यांच्यातही हाच नियम पाळावा. रचना आपोआप लावणारे साधन वापरत असाल, तर या दोन गटांमध्ये रिकामी ओळ सोडून ते गट वेगळे ठेवायला त्याला सांगावे.

तरीही क्रम लावून वेळ मारून नेण्यापेक्षा दोन्हींपैकी एकच संच निवडणे मला श्रेयस्कर वाटते. आपल्याला केवळ इथरनेट हेडर वाचायचा आहे. त्यासाठी कर्नलची फाइल काढून टाकावी, ‘नेट/ईथरनेट.एच’ ठेवावी आणि ‘ईटीएचएचडीआर’ऐवजी ‘ईथर_हेडर’ हा स्ट्रक्ट आणि ‘ईथरटाइप_आयपी’ हा स्थिरांक वापरावा. हे तिन्ही यंत्रांवर आहे, म्हणजे मॅकसाठीची वेगळी अटही गळून पडेल. कर्नलची फाइल टाळता येत नाही अशा जागाही आहेत. उदाहरणार्थ, ‘टीसीपी_इन्फो’मधील नवे घटक ग्लिबसीच्या व्याख्येत नाहीत, ते ‘लिनक्स/टीसीपी.एच’मध्येच मिळतात. अशा वेळी एक छोटी स्वतंत्र सी फाइल करावी, तिच्यात फक्त कर्नलचा संच घ्यावा, ‘नेटइनेट/टीसीपी.एच’ तेथे येऊच देऊ नये, आणि उरलेल्या प्रोग्रामला आपल्या स्वतःच्या साध्या स्ट्रक्टमधून आकडे द्यावेत. टक्कर प्रत्येक फाइलीच्या कंपाइलपुरती असते. दोन फाइली वेगळ्या केल्या की भांडणाला जागाच उरत नाही.

तपास कसा करावा, हेही सांगतो. जीसीसीला किंवा क्लँगला मोठ्या लिपीतील ‘-एच’ हा पर्याय दिला की कोणती फाइल कोणी आत ओढली, याची टिंबांनी इंडेंट केलेली यादी मिळते. दुहेरी व्याख्येचा उगम तीत अर्ध्या मिनिटात सापडतो. मोठ्या लिपीतीलच ‘-ई’ दिला की प्रीप्रोसेसरने तयार करून दिलेला मजकूर दिसतो. त्यात ‘टीसीपीएचडीआर’ शोधावे, म्हणजे कंपायलरला प्रत्यक्षात काय दिसले ते कळते. हेडरची फाइल संपादकात उघडून वाचणे फसवे ठरते, कारण तेथे सर्व पर्याय एकत्र दिसतात आणि त्यांतला कोणता लागू झाला ते दिसत नाही.

जेथे खरोखरच फरक हाताळावा लागतो, तेथे बिल्डच्या साधनाला घटकाची तपासणी करू द्यावी. ऑटोकॉन्फ, सीमेक आणि मेसन या तिन्ही बिल्ड-साधनांतही एखाद्या स्ट्रक्टमध्ये अमुक घटक आहे का, हे छोटी फाइल कंपाइल करून पाहण्याची सोय आहे. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे ‘सॉकअ‍ॅड्र’मधील ‘एसए_लेन’. तो १९९० च्या ४.३बीएसडी-रेनोमध्ये आला, मॅक आणि फ्रीबीएसडीवर आहे, लिनक्सवर नाही. मात्र ही तपासणी ज्या मॅक्रोंसह चालते तेच मॅक्रो प्रत्यक्ष बिल्डलाही मिळाले पाहिजेत. सीमेकमध्ये ‘सीमेक_रिक्वायर्ड_डेफिनिशन्स’ भरायचे राहिल्यामुळे तपासणी ‘नाही’ म्हणते आणि बिल्डमध्ये तो घटक हजर असतो, असे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता सर्वप्रथम तेच बघतो.

‘एसए_लेन’वरून एक इशारा. ‘सॉकअ‍ॅड्र_इन’ला महिरपी कंसात नावाशिवाय, केवळ क्रमाने किंमती दिल्या असतील, तर लिनक्सवर पहिली किंमत ‘सिन_फॅमिली’त जाते आणि मॅकवर ती ‘सिन_लेन’मध्ये पडते. कंपायलर त्याला त्रुटी म्हणत नाही, आणि ‘बाइंड’ का फसते हे शोधण्यात दिवस जातो. किंमती नेहमी घटकाचे नाव घेऊन द्याव्यात. याच जातीचा दुसरा प्रकार कच्च्या सॉकेटचा आहे: आयपी हेडर स्वतः बांधून पाठवताना ‘आयपी_लेन’ आणि ‘आयपी_ऑफ’ मॅकवर यंत्राच्या बाइटक्रमात द्यावे लागतात. फ्रीबीएसडीवर ११.० पूर्वी तसेच होते, ११.० पासून नेटवर्क-क्रम लागतो. कंपाइल झाले म्हणजे जुळले, असे या विषयात समजू नये.

शेवटी, आपल्या प्रोग्रामचा मूळ उद्देश पाहता आणखी एक वाट सुचवतो, आणि वेळ असेल तर तीच घ्यावी असे माझे मत आहे. पकडलेल्या पॅकेटमधील बाइट वाचण्यासाठी सिस्टिमचे स्ट्रक्ट मुळात लागतच नाहीत. कर्नलशी बोलताना लागणारे ‘आयएफरेक्यू’ किंवा ‘सॉकअ‍ॅड्र’ हे स्ट्रक्ट सिस्टिमचेच घ्यावे लागतात, कारण त्यांचा आकार ती ठरवते. पण टीसीपीचा हेडर कोणत्याही सिस्टिमचा नाही, तो आरएफसीचा आहे. टीसीपी हेडरात पहिले दोन बाइट उगमाचे पोर्ट, पुढचे दोन गंतव्याचे पोर्ट. बाइटांची मोजणी शून्यापासून केल्यास बाराव्या बाइटाचे वरचे चार बिट हेडरची लांबी चार-चार बाइटांच्या हिशेबात सांगतात, आणि तेरावा बाइट फ्लॅगचा. ‘यूइंट८_टी’च्या अ‍ॅरेतून दोन बाइट घेऊन, पहिला आठ बिट डावीकडे सरकवून दुसऱ्याशी जोडणारे तीन ओळींचे फंक्शन लिहिले की बाइटक्रम, बिट-घटकांचा क्रम आणि घटकांची नावे हे तिन्ही प्रश्न एकदमच सुटतात. इथरनेट हेडर १४ बाइटांचा असल्याने त्यामागचा आयपी हेडर चारच्या पटीतील पत्त्यावर सुरू होईलच असे नसते. त्यावर थेट स्ट्रक्टचा पॉइंटर टाकल्यास काही प्रोसेसर प्रोग्राम थांबवतात. बाइटाबाइटाने वाचल्यास तोही धोका राहत नाही. ‘टीसीपीडंप’ने हाच मार्ग घेतला आहे: त्याच्याजवळ स्वतःच्या हेडर फाइली आहेत, त्यांतील दोन बाइटांचा प्रकार हा प्रत्यक्षात दोन बाइटांचा अ‍ॅरे आहे, आणि वाचन ठरावीक मॅक्रोंमधूनच होते.

तूर्त मात्र आजचे बिल्ड चालू करायचे असेल, तर कर्नलची फाइल काढा, बीएसडीची नावे लावा, आणि ‘-डी_डिफॉल्ट_सोर्स’ मेकफाइलच्या सीफ्लॅग्जमध्ये टाका; नंतर अल्पाइनचा कंटेनर अगदी कोऱ्या निर्देशिकेतून पुन्हा बांधा, कारण कॅशेमध्ये राहिलेली जुनी तपासणीची उत्तरे सगळ्या दुरुस्त्यांवर पाणी फिरवतात.